बांधातलं भुंकणं

आमच्या गावात एक गोष्ट अजून सांगितली जाते. माझ्या चुलतभावाने माझ्याकडे भाड्याने राहणाऱ्या एका मुलीचा कुत्रा विष घालून मारला, ही ती गोष्ट. पलीकडच्या सोसायटीत काल-परवा राहायला आलेल्या, त्याचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनाही ती माहीत असते. गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण कुत्रा कुठे आहे हे मला ठाऊक होतं. पाच वर्षं मी गप्प बसलो. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो आहे. खरं काय झालं ते एकदा क्रमाने लिहून ठेवतो.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. गायींना रेतन करायचं, खुरकुताची लस टोचायची, अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढायचं, ही माझी कामं. पण गावाने मला कायम डॉक्टरच म्हटलं आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पुढे जे घडलं त्यात याचाही वाटा आहे.

निवृत्तीनंतर नेऱ्यातल्या आमच्या घरावर मी मजला चढवला आणि खोल्या भाड्याने दिल्या. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं यायची, जायची. ही मुलगी लातूरकडची. नवरा कामासाठी बहुतेक वेळ बंगळूरला, त्यामुळे वरच्या खोल्यांत ती आणि तिचा कुत्रा, दोघंच. तिने त्याला ठेवलेलं नाव लिहीत नाही. या लिखाणात कुणाचंच नाव नाही, मग त्याचंही नको.

फॉक्स टेरिअर जातीचा तो कुत्रा. अंगाने पांढरा, डोकं काळं-तपकिरी, पाठीवर तळहाताएवढा एक काळा डाग. वजन आठ किलोच्या आत. माझी बायको पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघून म्हणाली, "ह्येला कुत्रं म्हनायचं का करडू?" गल्लीतल्या एकाने विचारलं, "डॉक्टर, राखनीला आनलंय का पूजेला?" मीही हसलो होतो. आयुष्यभर मी गाई-म्हशींत वावरलेला. कुत्रा म्हणजे भाकरीचा तुकडा टाकला की दारात पडून राहणारं जनावर, एवढीच माझी समजूत.

त्या मुलीने मला त्या जातीचा इतिहास सांगितला. संध्याकाळी ती चहाला खाली यायची, कुत्रा तिच्या पायाशी बसलेला असायचा, पण बसलेला म्हणजे नुसता टेकलेला. कान उभे आणि नाक चालू. ती सांगायची, विलायतेत कोल्ह्याची शिकार घोड्यावरून करत. मोठी कुत्री कोल्ह्याला पळवत आणि कोल्हा बिळात शिरला की खेळ थांबे. तिथून पुढचं काम या छोट्या कुत्र्याचं. कोल्ह्याच्या बिळात मावेल एवढीच छाती राहावी अशी निवड पिढ्यान् पिढ्या केलेली. रंग पांढरा राखला तोही कारणाने. बिळातून बाहेर पडलं ते कोल्हं की कुत्रं हे शिकाऱ्याला लांबून कळावं आणि चुकून आपल्याच कुत्र्यावर घाव पडू नये. शेपूट मुठीत धरता येईल एवढीच ठेवत, ओढून काढायला सोपी.

"आणि काका, हा बिळात गेला की मागे येत नाही," ती म्हणाली. "समोरच्याला कोंडून धरतो आणि भुंकत राहतो. वर माणसं कान लावून बसतात, आवाज कुठून येतो ते बघतात आणि तिथे खणतात. म्हणजे ह्याचं काम भुंकायचं, आपलं काम खणायचं."

मी म्हटलं, "आणि माणसं नाही आली तर?"

"येतातच ना," ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

माझे वडील तरुणपणी खडकीच्या छावणीत गवताचे भारे पोचवायला जात. साहेबांच्या बंगल्यांवर असली पांढरी बुटकी कुत्री असत आणि ती बैलाच्या पायांत शिरून बैलालाच हुसकावत, असं ते सांगायचे. तेव्हा मला ती थाप वाटायची. हा कुत्रा आल्यावर पटलं. त्याला भीती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. चुलतभावाच्या म्हशीसमोर तो असा उभा राही की म्हैसच बाजूला होई. हट्टी एवढा की एकदा पाहिलेलं भोक महिनाभर विसरत नसे. आमच्या मोरीच्या जाळीसमोर रोज सकाळी एक चक्कर ठरलेली, कारण तिथे त्याने एकदा उंदीर पाहिला होता. कामाशिवाय राहिला की कंटाळे, आणि कंटाळला की खणे. माझ्या बायकोचे अळूचे कंद त्याने दोनदा उपटले. मग ती त्याला शिव्या घालत भाकरी कुस्करून घाली.

त्याची निगा मुलीने मला शिकवली, कारण आठवड्यातले दोन दिवस तिला ऑफिसात जावं लागे आणि ते दोन दिवस कुत्रा माझ्याकडे असे. केस आखूड, त्यामुळे रबरी हातमोजाने आठवड्यातून एकदा घासलं की पुरे, आंघोळ क्वचितच. पावसाळ्यात पायांच्या बोटांमधली जागा कोरडी करायची. गोचीड रोज बघायची, कानाच्या आत, काखेत, शेपटीच्या मुळाशी. हे मात्र मी तिला शिकवलं. मुळशीच्या पावसात गोचीड काय करते ते मी तीस वर्षं बघितलेलं. पहिल्या पावसाळ्यात त्याला गोचीडताप आला तेव्हा डोळ्याची पापणी उलटून मीच आधी ओळखलं आणि तिला पिरंगुटच्या दवाखान्यात पाठवलं. तो वाचला. त्या दिवसापासून माझ्यावर तिचा विश्वास बसला. माझ्या शब्दावर, म्हणायला हवं.

एकच गोष्ट ती बजावून सांगायची. "काका, बाहेर नेताना पट्टा सोडायचा नाही. घरात काहीही करू दे. बाहेर बीळ दिसलं की ह्याला हाक ऐकू येत नाही. कितीही शिकवा, हे त्याच्या रक्तातच आहे." मी हो म्हणायचो.

आता बांधाचं सांगतो.

आमच्या आजोबांच्या वाटण्यांत ओढ्याकडची भातखाचरं दोन भागांत गेली. वरचं खाचर माझ्या वडिलांना, खालचं चुलत्यांना. मधे बांध, बांधावर एक करंज. पिढीभर कुणाची तक्रार नव्हती. भात निघालं की कातकरी येत, बांधातली घुशींची बिळं खणत, घुशी आणि घुशींनी आत साठवलेल्या लोंब्या घेऊन जात. मग दोन्ही घरं मिळून चिखलाने बांध पुन्हा लिंपत. त्या दिवशी जेवण आमच्याकडे असे, पुढच्या वर्षी त्यांच्याकडे. पुढे रस्ता रुंद झाला, जमिनीचे भाव चढले, आणि लिंपताना बांध कुणाच्या बाजूला सरकला याच्यावर बोलणं सुरू झालं. मोजणी झाली. मोजणीत एक हाताचा फरक निघाला. तो एक हात माझा की त्याचा, यावर मी दावा लावला. मी लावला, त्याने नाही. कोर्टाने हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत बांध आहे तसा राहील, कुणी त्याला हत्यार लावायचं नाही. गावाच्या भाषेत, स्टे. एकदा त्याने गवत काढताना बांधाला विळा लावला तर मी त्याचे फोटो काढून चौकीत दिले. गवत काढताना.

अशी सात वर्षं गेली. बांध लिंपला गेला नाही, खणला गेला नाही, आणि घुशींचं राज्य झालं. करंजाच्या मुळाशी तर बिळांची चाळणी. माझ्या खाचरात पाणी ठरेना, रातोरात खाली झिरपून जाई. खाली त्याचं भात कुजे, वर माझं वाळे. दोघांचंही नुकसान. पण हत्यार लावायला मनाई होती. तो त्याच्या बाजूला पिठाच्या विषारी गोळ्या ठेवी आणि त्यावर फांद्या टाकी. मी माझ्या बाजूला तेच करी. घुशी हुशार, पहिल्या दोन मेल्या की बाकीच्या शिवत नाहीत.

तेव्हा मला सुचलं. कुदळ लावायला मनाई होती, कुत्रा सोडायला नव्हती.

मुलगी ऑफिसला गेली की मी त्याला खाचरावर न्यायचो आणि पट्टा सोडायचो. पहिल्याच दिवशी त्याने घूस काढली, जवळजवळ त्याच्या निम्म्या आकाराची. मान धरून एकच झटका दिला आणि माझ्या पायाशी आणून टाकली. मला काय आनंद झाला सांगू. घरी येऊन पाय धुवायचो, अंग पुसायचो, पांढराशुभ्र करून ठेवायचो. मुलीला म्हणायचो, ओढ्यापर्यंत फिरवून आणला. "काका, ह्याचा मूड किती छान असतो तुमच्याकडून आला की," ती म्हणायची.

चुलतभाऊ पलीकडून बघायचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. "काय डॉक्टर, कोर्टानं तुला मनाई केली म्हनून कुत्र्याला वकीलपत्र दिलं व्हय?" असं ओरडायचा. एकदा कुत्रा त्याच्या बाजूला उतरला आणि त्याच्या भाताच्या चार चुडी तुडवल्या. नेमकी ती मुलगी त्या दिवशी ऑफिसातून लवकर परतली होती आणि मला शोधत खाचराकडे आली होती. मी घाईघाईने पट्टा लावला. चुलतभाऊ तिच्यादेखत म्हणाला, "परत माज्या रानात दिसलं तर तंगडीच मोडीन!" आमच्याकडे असं माणसालाही म्हणतात, जेवायला बोलावतानाही म्हणतात. तिला ते ठाऊक नव्हतं. ती घाबरली. मी तिला समजावलं नाही.

भाद्रपद सरत आलेला, भात पोटरीत होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. मुलगी ऑफिसला गेली. मी कुत्र्याला करंजाच्या मुळाशी सोडलं. तो शिरला, मागे मातीचे फवारे उडाले, शेपटीचं टोक दिसेनासं झालं. थोड्या वेळाने आतून भुंकणं ऐकू आलं. मग करंजाच्या अलीकडे बांधाची माती खचली. मोठा आवाज नाही, नुसता बसका सुस्कारा टाकल्यासारखं झालं आणि बिळाचं तोंड गेलं.

भुंकणं थांबलं नाही. मी बांधावर कान टेकला. खालून अगदी नेमाने आवाज येत होता, थोडा वेळ भुंकायचा, थांबायचा, पुन्हा भुंकायचा. तो त्याचं काम करत होता.

घरून कुदळ आणायला मला पंधरा मिनिटं लागली असती. मी आणली नाही. ओल्या बांधावर कुदळीचा एक घाव जरी पडला तरी चुलतभावाला दिसणार, तो फोटो काढणार, मी लावलेल्या दाव्यात मीच हुकूम मोडला असं होणार, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. मी स्वतःशी म्हणालो, दुसरीकडून वाट काढेल, त्याची जातच तसली. दुपारी घरी गेलो. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा सांगितलं, पट्टा तुटला, पळाला. "कुठल्या बाजूला, काका?" तिने विचारलं. मी टेकडीकडे हात केला. ओढा एका बाजूला, टेकडी बरोबर उलट बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुट्टी घेऊन टेकडीवर गेली. मी खाचरावर गेलो. तो जिवंत होता. आवाज बारीक झाला होता, पण होता. मी खाली बसून हाताने उकरायला लागलो. वीत, दीड वीत उकरलं असेल. "काय रं डॉक्टर, आत काय हाय?" वर पाहिलं तर चुलतभाऊ त्याच्या बाजूला उभा.

"घूस," मी म्हटलं.

"घूस भुकत न्हाई."

"तू तुझं बघ. बांधाला हात लावायचा नाही."

"मी कुटं लावतुया? तूच लावलायस." आणि तो निघून गेला. मी उठलो. उकरलेली माती पायाने दाबून सारखी केली.

दुपारी तो आमच्या फाटकाशी आला. सात वर्षांत पहिल्यांदा. आत आला नाही, गजांना धरून उभा राहिला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आजून वराडतंय ते. खन बाबा. मी कोर्टात न्हाई बोलायचो. हवं तर मी खनतो, तू हुबा ऱ्हा."

हे वाक्य मी पाच वर्षं रोज ऐकलं आहे. तेव्हा मात्र मला त्यात सापळा दिसला. बांधाच्या भांडणात आम्ही इतके मुरलो होतो की भाऊ कुत्र्याचा जीव वाचवायला आला आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला वाटलं, हा मला खणायला लावणार आणि वकिलाकडे जाणार, किंवा स्वतः खणून बांध सरकवणार. शिवाय आता कालचं खोटं मधे आलं होतं. कुत्रा बांधातून निघाला असता तर टेकडीचं काय सांगणार होतो? मी म्हटलं, "बांधाला हात लावलास तर चौकीत जाईन."

त्याने गज सोडले. "लई शिकलास," म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता.

त्या तीन दिवसांत मुलीने टेकडी पालथी घातली. आवाज बसला, पायांना काट्यांनी ओरखडे. कुणी म्हणालं बिबट्या, कुणी म्हणालं चोरी. पाचव्या दिवशी ती खाली आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "काका, खरं सांगा. तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात. तुमच्या त्या भावाने विष घातलं असेल का? ते गोळ्या ठेवतात, मी पाहिल्यात."

मी म्हटलं, "असू शकतं."

बस, एवढंच. त्याच्यावर मी थेट आरोपही केला नाही. करावा लागलाच नाही.

तिने तक्रार दिली. हवालदार आला, चुलतभावाच्या बाजूच्या फांद्या उचलल्या, गोळ्या सापडल्या. माझ्या बाजूच्या मी आदल्या दिवशीच उचलल्या होत्या. दहा-बारा माणसं जमली. चुलतभाऊ कळवळून ओरडला, "अवो सायेब, कुत्रं बांधात हाय! करंजापाशी! आमी दोगांनी ऐकलंय. हितं खना आन् बगा!"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून हुकुमाची नक्कल काढली. घडी उलगडून त्याच्या हातात दिली. "साहेब, कोर्टाचा मनाई हुकूम आहे. ह्यांना बांध फोडायला निमित्त हवंय."

"कोर्टाची जागा हाय, मी कुदळ लावू शकत न्हाई," हवालदार म्हणाला. जमलेल्यांतला एक जण हसून म्हणाला, "कुत्र्याच्या नावानं बांध खायला निघालाय म्हातारा." सगळ्यांना ते पटलं. गावाला बांधाचं भांडण कळतं, त्यामुळे त्याचं खरं बोलणं कुणालाच खरं वाटलं नाही. मुलीलाही नाही. ती माझ्या शेजारी उभी होती.

पुढे गुन्हा-बिन्हा काही सिद्ध झाला नाही. पण तिने संतापात चुलतभावाचा फोटो प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. कुठून कुठून फोन यायला लागले. हिंदीतून, इंग्रजीतून शिव्या. त्याला अर्ध्या कळतही नव्हत्या. त्याचा दुधाचा रतीब सोसायट्यांमध्ये होता, तो एकेक करून बंद झाला. "कुत्र्याला विष घालणाऱ्याच्या हातचं दूध नको," असं एका बाईने त्याच्या सुनेला तोंडावर सांगितलं. वर्षभरात त्याने म्हशी विकल्या. पहाटे उठून गोठ्यात जायची त्याची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय. म्हशी गेल्यावरही तो उठून रिकाम्या गोठ्यात बसायचा, हे मला माझ्या गच्चीवरून दिसायचं. माझ्या वकिलाने ती तक्रारही हलकेच दाव्याच्या कागदांना जोडली. मी त्याला नको म्हणालो नाही.

मुलीने दोन महिन्यांत जागा सोडली. जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मला आधार होता."

माझ्या बायकोला ठाऊक होतं. त्या दुसऱ्या दिवशी जेवताना तिने माझी नखं पाहिली. "माती कसली?" विचारलं. मी म्हटलं, भाताची. "भाताला निंदनी हाय का आता?" एवढंच म्हणून तिने आमटी वाढली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याआधी दवाखान्यात एकदा म्हणाली, "त्या पोरीला सांगा तुमी. माज्यासाठी न्हाई, तिच्यासाठी." मी म्हटलं, सांगतो. तरी दोन वर्षं काढली.

या वर्षी भात निघाल्यावर मी चुलतभावाच्या घरी गेलो. तो ओट्यावर शेंगा फोडत होता. मी उभ्याउभ्या म्हटलं, "माझं चुकलं. कुत्रा बांधात होता."

त्याने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "मला काय सांगतुयास? मला ठावं न्हाई व्हय? तिला सांगितलंस का?"

"नाही."

"मग हितं का आलायस? तुला बरं वाटावं म्हनून?"

मी परत आलो आणि त्याच दिवशी तिला फोन लावला. ती आनंदाने म्हणाली, "काका! किती दिवसांनी! काकू कशा आहेत?" मी सांगितलं, गेल्या. ती हळहळली. मग मी बाकीचं सांगितलं, न थांबता, कारण थांबलो असतो तर पुढे बोलवलं नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वेळ भुंकत होता?"

"दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी."

"मी तेव्हा टेकडीवर होते," ती म्हणाली. "तुम्ही हात केला होता." त्यानंतर तिने मला काका म्हटलं नाही. फक्त चुलतभावाचा नंबर मागितला. "मी त्यांचा फोटो टाकला होता," एवढं म्हणून फोन ठेवला.

त्यांचं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. आठवड्याने चुलतभावाचा मुलगा कागद घेऊन आला. बांध खणायला आणि पुन्हा घालायला दोन्ही बाजूंची हरकत नाही, असा कोर्टात द्यायचा अर्ज. मी सही केली. माझा वकील म्हणाला, आता कशाला, निकाल आपल्याच बाजूने लागणार आहे. त्याला मी काही सांगितलं नाही.

कोर्टाची परवानगी मिळाली. ज्या दिवशी खणायचं ठरलं त्या दिवशी ती आली. चुलतभावाच्या ओट्यावर चहा प्यायली, माझ्या घराकडे बघितलं नाही. गावातली पाच-सहा माणसं आली होती. चुलतभावानेच बोलावली होती. त्याने कुदळ आणली आणि माझ्या हातात दिली. "खन," म्हणाला.

त्याच्या मुलाने पुढे होऊन "आबा, मी खनतो" म्हटलं, तर चुलतभावाने त्याला मागे सारलं.

मी खणलं. दम लागला की थांबायचो, पुन्हा कुदळ उचलायचो. मी हाताने जिथे उकरलं होतं तिथून दीड हातावर हाडं लागली. पाच पावसाळे झालेले, माती आणि मुळं सगळीकडून शिरलेली. जवळच घुशींचीही हाडं होती. चुलतभाऊ मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "डॉक्टर, सांग. घूस हाय का कुत्रं?"

मी जबडा हातात घेतला, सुळे पाहिले. "कुत्रा आहे," मी म्हटलं. "हिचा कुत्रा आहे. मी सोडला होता. तो गाडला गेलेला मी पाहिला आणि खणलं नाही. ह्याने खणतो म्हटलं तर मी खणू दिलं नाही. आणि मी डॉक्टर नाही."

एकाने खाकरून घसा साफ केला. पाच वर्षांपूर्वी हसलेला तो माणूसही तिथे होता. तो करंजाकडे बघत राहिला. मुलीने पदर पसरावा तशी ओढणी पसरली आणि हाडं त्यात घेतली. घुशींची वेगळी करत बसली नाही. चुलतभावाच्या पाया पडून गाडीत बसली आणि गेली.

माणसं पांगली. उरलो आम्ही दोघं, आणि मधे फुटलेला बांध. त्याने घमेलं माझ्याकडे सरकवलं आणि चिखल कालवायला लागला. मी चिखल टाकत गेलो, तो हाताने थापत गेला. दुपार होत आली तेव्हा बांध बराच उभा राहिला होता. त्याने उठून करंजाला डोळा लावून रेघ पाहिली आणि म्हणाला, "हाय तितंच घाल, डॉक्टर. बोटभर हिकडं सरकलास तर कोर्टात जाईन."

तो हसत होता की नाही, हे मला दिसलं नाही. मी घमेलं भरायला वाकलो होतो.